घरच्या विंडोज पीसीवर कमांड प्रॉम्प्ट कसा वापरायचा, अगदी पहिल्यापासून

वायफायचा पासवर्ड आठवत नाही, लॅपटॉपची बॅटरी खरंच खराब झालीय की नाही कळत नाही, डाउनलोड चालू ठेवून झोपायचंय पण पीसी आपोआप बंद व्हायला हवा. अशा प्रत्येक वेळी आपण कुठलं तरी फुकट सॉफ्टवेअर शोधतो, आणि त्याच्यासोबत अजून दोन नको असलेली सॉफ्टवेअर्स पीसीत येऊन बसतात. खरं तर हे सगळं विंडोजमध्ये आधीपासूनच आहे, फक्त त्याला बटण नाहीये, कमांड प्रॉम्प्ट नावाच्या खिडकीत कमांड, म्हणजे ठरलेला हुकूम, टाइप करावी लागते. सुरुवातीला कुणी नीट क्रमाने सांगत नाही, जिकडे तिकडे नुसत्या कमांडच्या याद्या मिळतात आणि त्यातली कुठली साधी, कुठली धोक्याची हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक नीट वाचा. फोनवर एखाद्याला सांगताना आपण जशी कमांड बोलतो तशीच मी इथे देवनागरीत लिहिली आहे. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे, कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही. डीआयआर, सीडी अशी छोटी नावं म्हणजे एकेक अक्षर, आणि शटडाउनसारखी मोठी नावं म्हणजे पूर्ण शब्द. स्पेस, /, \, अवतरण चिन्हं जिथे दिसतात तिथे तशीच टाकायची.

काय काय लागेल

- विंडोज १० किंवा ११ असलेला पीसी किंवा लॅपटॉप
- अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट, निदान त्याचा पासवर्ड तरी
- बॅकअपसाठी पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्क
- नोटपॅड, तो आहेच
- सरावासाठी एक वेगळा फोल्डर, ज्यात बिनमहत्त्वाच्या फाइल्सच्या कॉपी असतील. हा नक्की बनवा, खऱ्या फोटोंवर प्रयोग करू नका.

१. खिडकी उघडणे

विंडोज बटण आणि आर एकत्र दाबा, छोटा बॉक्स येतो, त्यात सीएमडी टाइप करून एंटर. झालं. अ‍ॅडमिन म्हणून हवी असेल तर एंटरऐवजी कंट्रोल, शिफ्ट, एंटर एकत्र दाबा, मग परवानगी विचारेल, हो म्हणा.

यात दोन गोष्टी बघायच्या. साधी खिडकी तुमच्या यूजर फोल्डरमध्ये उघडते, पण अ‍ॅडमिनची खिडकी थेट विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये उघडते, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात. तिथे उभं राहून डिलीटची कमांड चालवणं म्हणजे आपत्तीला आमंत्रण. म्हणून गरज असेल तेव्हाच अ‍ॅडमिन, एरवी साधीच वापरा.

दुसरं, विंडोज ११ मध्ये टर्मिनल उघडलं तर बऱ्याचदा आत कमांड प्रॉम्प्ट नसून पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करायचा दुसरा प्रोग्राम, असतं. ओळीच्या सुरुवातीला पीएस दिसलं की समजा पॉवरशेल आहे. दोन्ही वेगळे आहेत, पॉवरशेल २००६ मध्ये आलं आणि त्यात डीआयआर /बी किंवा सीडी /डी असलं काही चालत नाही, एरर येते. नवीन माणूस इथेच अडकतो आणि कमांडच चुकीची आहे असं समजतो. पॉवरशेलमध्येच नुसतं सीएमडी टाइप करून एंटर मारा, तिथेच कमांड प्रॉम्प्ट सुरू होतो.

मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे फाइल एक्सप्लोररमध्ये हवा तो फोल्डर उघडायचा, वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये क्लिक करून तिथला पत्ता खोडून सीएमडी लिहायचं आणि एंटर, खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. सीडी सीडी करत बसावं लागत नाही.

२. आधी बघायला शिका

डीआयआर

हे टाइप केलं की आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत तिथल्या फाइल्स दिसतात. ही कमांड १९८१ च्या डॉसपासून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमपासून, चालत आलीय आणि आजही सगळ्यात जास्त तीच लागते.

सीडी डाउनलोड्स

म्हणजे त्या फोल्डरमध्ये जा, सीडी .. म्हणजे एक पायरी मागे. दुसऱ्या ड्राइव्हवर जायचं असेल तर नुसतं सीडी डी:\ लिहून काही होत नाही, सीडी /डी डी:\ लिहावं लागतं. ही /डी लोक हमखास विसरतात.

टाइपिंग कमी करायला टॅब वापरा. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाका, टॅब दाबा, बाकीचं नाव आपोआप भरतं, आणि नावात स्पेस असेल तर अवतरण चिन्हंसुद्धा स्वतःच लावतं. वरच्या बाणाने मागची कमांड परत येते, एफ७ ने आधीच्या कमांडची यादी दिसते. एक्सप्लोररमधून फाइल ओढून खिडकीत टाकली तर तिचा पूर्ण पत्ता लिहून येतो. चालू कमांड थांबवायची असेल तर कंट्रोल सी.

कुठलीही नवीन कमांड चालवण्याआधी तिच्यापुढे /? लावून बघायची सवय लावून घ्या:

शटडाउन /?

काही होत नाही, फक्त माहिती छापून येते. कुणीही कमांड पाठवली तरी आधी हे करायचं, त्यातली एकेक खूण काय करते ते वाचायचं, ती उलटी कशी फिरवायची ते बघायचं, आणि मगच एंटर.

३. थोडा रंगरंगोटीचा भाग

कलर ०ए

काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं येतात. पहिलं शून्य आहे, ओ नाही. पहिली खूण मागच्या रंगाची, दुसरी अक्षरांची. नुसतं कलर लिहून एंटर मारलं की मूळ रंग परत. तसंच

प्रॉम्प्ट $टी$जी

लिहिलं की ओळीच्या सुरुवातीला पत्त्याऐवजी वेळ दिसते, नुसतं प्रॉम्प्ट लिहिलं की पूर्ववत. हे बदल फक्त त्या खिडकीपुरतेच असतात, बंद केली की गेले, त्यामुळे बिनधास्त खेळून बघा, हात बसतो.

४. पीसी ठरलेल्या वेळी बंद करणे

शटडाउन /एस /टी ३६००

३६०० सेकंद म्हणजे एका तासाने पीसी बंद होईल. विचार बदलला तर

शटडाउन /ए

हे ए अक्षर लक्षात ठेवा, आधी हे पाठ करा आणि मगच वरची कमांड चालवा. रीस्टार्ट हवा असेल तर /एस च्या जागी /आर.

इथला सापळा मोठा आहे. /टी मध्ये शून्याहून मोठा आकडा दिला की विंडोज आपोआप जबरदस्तीने बंद करण्याचा पर्याय लावतं, आपण तो लिहिलेला नसला तरी. म्हणजे वर्डमध्ये न सेव्ह केलेली फाइल उघडी असेल तर ती सेव्ह करू का असं विचारत थांबणार नाही, सरळ बंद. झोपायच्या आधी टायमर लावत असाल तर सगळं सेव्ह करूनच लावा. आणि एकदा टायमर लावलेला असताना दुसरा लावायला गेलात तर ११९० नंबरची एरर येते, घाबरू नका, आधीचा /ए ने रद्द करा आणि नवीन लावा.

५. वायफायचा विसरलेला पासवर्ड

अ‍ॅडमिन खिडकीत

नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो प्रोफाइल्स

या पीसीला आजवर जोडलेल्या आणि सेव्ह असलेल्या सगळ्या वायफायची नावं येतात. मग त्यातलं नाव घेऊन

नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो प्रोफाइल नेम="वायफायचं नाव" की=क्लियर

खाली सिक्युरिटीच्या भागात की कंटेंट अशी ओळ दिसेल, तिच्यासमोर पासवर्ड. हे जितकं सोपं आहे तितकंच विचार करण्यासारखं आहे, कारण तुमचा लॅपटॉप अनलॉक ठेवून उठलात तर दुसरं कुणीही एका मिनिटात हे करू शकतं. स्क्रीन लॉकची सवय नसेल तर आजपासून लावा, विंडोज बटण आणि एल.

इंटरनेट चालू आहे पण एखादीच साइट उघडत नाही असं झालं तर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस चालवून बघा, जुने साठलेले पत्ते पुसले जातात. याने काहीही बिघडत नाही.

६. बॅटरीची तब्येत आणि जागा

पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट

पॉवर हा शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं. ज्या फोल्डरमध्ये आहात तिथे एक वेब पेजसारखी फाइल बनते आणि ती कुठे बनली तो पत्ता खिडकीतच दिसतो. ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात दोन आकडे शोधायचे, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिला म्हणजे बॅटरी नवीन असताना किती चार्ज धरेल असं ठरलं होतं, दुसरा म्हणजे आज किती धरते. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३५,००० असेल तर बॅटरी ७० टक्क्यांवर आलीय. जुना लॅपटॉप विकत घेताना हा रिपोर्ट समोर काढून बघा, तोंडी आश्वासनापेक्षा हा आकडा बरा.

सी ड्राइव्ह भरत आला असेल आणि हायबरनेट, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून पीसी बंद करण्याची सोय, वापरत नसाल तर अ‍ॅडमिन खिडकीत पॉवरसीएफजी /एच ऑफ. हायबरनेटची फाइल बरीच जागा खाते, रॅम जितकी जास्त तितकी ती मोठी, ती निघून जाते. पण त्यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं, म्हणजे पीसी चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. नको वाटलं तर शेवटी ऑफच्या जागी ऑन.

७. अडकलेला प्रोग्राम आणि बिघडलेलं विंडोज

टास्कलिस्ट लिहा, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामची यादी येईल. हँग झालेल्याचं नाव बघा आणि

टास्ककिल /आयएम नोटपॅड.ईएक्सई

टास्ककिलमध्ये के दोनदा येतो. याने ऐकलं नाही तरच शेवटी /एफ लावा, ते जबरदस्तीने मारतं आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं म्हणून मारत सुटू नका, विंडोजच्या स्वतःच्या कामाचे बरेच प्रोग्राम विचित्र नावांचे असतात.

विंडोज उगाच एरर देत असेल तर अ‍ॅडमिन खिडकीत या क्रमाने:

डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

एसएफसी /स्कॅननाऊ

बऱ्याच ठिकाणी दुसरी कमांड आधी सांगतात. पण एसएफसी बिघडलेली फाइल बदलायला ज्या साठ्यातून चांगली कॉपी घेतं तो साठाच पहिली कमांड दुरुस्त करते, म्हणून ती आधी. तिला नेट लागतं. मध्येच एका टक्क्यावर बराच वेळ थांबल्यासारखी वाटेल, बंद करू नका.

८. फाइल्सची कामं

फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्सच्या नावांची यादी हवी असेल तर

डीआयआर /बी > यादी.टीएक्सटी

हे > चिन्ह स्क्रीनवर येणारं सगळं फाइलमध्ये वळवतं. पण त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर न विचारता तिच्यावर लिहून टाकतं, जुनं गेलं. मागे जोडायचं असेल तर >> असं दोनदा. आणि आपल्यासाठी खास, फाइल्सची नावं मराठीत असतील तर यादीत नुसती प्रश्नचिन्हं येऊ शकतात. त्याच्याआधी

सीएचसीपी ६५००१

चालवा, मग यादीत मराठी नीट येतं. खिडकीत अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तरी फाइलमध्ये नावं बरोबर असतात, नोटपॅडमध्ये उघडून बघा.

पेनड्राइव्हमधले फोल्डर अचानक गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर बहुतेक वेळा डेटा गेलेला नसतो, व्हायरसने लपवलेला असतो. पेनड्राइव्ह ई असेल तर

अ‍ॅट्रिब -एच -एस /एस /डी ई:\*.*

फोल्डर परत दिसू लागतात. ते शॉर्टकट उघडू नका, आधी अँटिव्हायरसने स्कॅन करा. याच कमांडमध्ये उणेच्या जागी अधिक टाकून आपण स्वतः फोल्डर लपवू शकतो, पण त्याला कुलूप समजू नका, ही कमांड माहीत असलेला कुणीही तो उघडा करू शकतो.

डीईएल ने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. म्हणून *, म्हणजे इथे कुठलंही नाव चालेल अशी खूण, वापरून काही उडवायच्या आधी तोच पॅटर्न डीआयआर ला देऊन बघा. याचं कारण नुसती भीती नाहीये, *.एचटीएम लिहिलं तर बऱ्याच पीसीवर .एचटीएमएल वाल्या फाइल्ससुद्धा त्यात धरल्या जातात, कारण विंडोज प्रत्येक लांब नावाचं एक जुन्या पद्धतीचं छोटं नावही ठेवतं ज्यात एक्स्टेन्शन, म्हणजे नावातला टिंबानंतरचा भाग, तीनच अक्षरांचं असतं. डीआयआर मध्ये जे दिसेल तेच डीईएल उडवणार, त्यामुळे आधी दिसू द्या.

९. एका क्लिकमध्ये बॅकअप

हे सगळ्यात कामाचं आहे, सावकाश करा. नोटपॅड उघडा आणि या तीन ओळी लिहा:

@एको ऑफ
रोबोकॉपी "%यूजरप्रोफाइल%\डॉक्युमेंट्स" "ई:\बॅकअप\डॉक्युमेंट्स" /ई /आर:१ /डब्ल्यू:१
पॉज

एको म्हणजे ई, सी, एच, ओ. %यूजरप्रोफाइल% म्हणजे तुमचा यूजर फोल्डर, आणि ई: म्हणजे तुमचा बॅकअपचा ड्राइव्ह. रोबोकॉपी पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर कॉपी करतं. /ई म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामे असले तरी. दुसऱ्यांदा चालवलं की न बदललेल्या फाइल्स सोडून फक्त नवीन आणि बदललेल्या उचलतं, म्हणून पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर पटकन होतं.

/आर आणि /डब्ल्यू कधीच गाळू नका. एखादी फाइल उघडी असल्याने कॉपी झाली नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा परत प्रयत्न करतं, आणि प्रत्येक प्रयत्नामध्ये ३० सेकंद थांबतं. म्हणजे एका फाइलपायी बॅकअप कधी संपणारच नाही. आपण एकच प्रयत्न, एक सेकंद असं सांगितलंय.

पहिल्यांदा चालवताना ओळीच्या शेवटी /एल जोडा. मग ते काहीही कॉपी करत नाही, फक्त काय काय कॉपी करणार त्याची यादी दाखवतं. यादी बरोबर वाटली की /एल काढा. यादी रिकामी आली तर बहुतेक तुमचा डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत हलवलेला आहे, एक्सप्लोररमध्ये त्याचा खरा पत्ता बघून तो टाका.

एमआयआर नावाचा एक पर्याय खूप लोक सुचवतात. तो बॅकअपला मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल बनवतो, म्हणजे मूळ फोल्डरमध्ये नसलेलं सगळं बॅकअपमधून उडवतो. दोन पत्ते उलटे पडले तर? रिकाम्या पेनड्राइव्हसारखं तुमचं डॉक्युमेंट्स होईल. नवीन असाल तोवर त्याला हात लावू नका.

सेव्ह करताना खाली सेव्ह अ‍ॅज टाइपमध्ये ऑल फाइल्स निवडा आणि नाव द्या माझाबॅकअप.बीएटी, अर्थात इंग्रजी अक्षरात. ऑल फाइल्स निवडलं नाही तर ती .बीएटी.टीएक्सटी बनते आणि डबल क्लिक केलं की नोटपॅडच उघडतं. आणि फाइलचं नाव रोबोकॉपी अजिबात ठेवू नका, कारण आतली रोबोकॉपी ही कमांड आधी त्याच फोल्डरमधली तुमचीच फाइल शोधते, ती स्वतःलाच बोलावत राहते आणि कॉपी काहीच होत नाही.

वेगवेगळे पेनड्राइव्ह लावले की ई चं एफ होऊ शकतं. बॅकअपआधी व्हीओएल ई: लिहून ड्राइव्हचं नाव बघून घ्या.

१०. तेच रोज आपोआप

एसकेटास्क्स असं काही नाही, नीट अक्षरं बघा, एस, सी, एच आणि मग टास्क्स, सगळं जोडून:

एससीएचटास्क्स /क्रिएट /टीएन "बॅकअप" /टीआर "सी:\काम\माझाबॅकअप.बीएटी" /एससी डेली /एसटी २१:००

रोज रात्री ९ ला चालेल. सी:\काम च्या जागी तुम्ही ती फाइल जिथे सेव्ह केली तो पत्ता टाका. याआधी त्या .बीएटी फाइलमधली पॉजची ओळ काढून टाका, नाहीतर खिडकी कुणीतरी की दाबेल याची वाट बघत उघडीच राहते. लॅपटॉप त्या वेळी चार्जरला लावलेला नसेल तर काम सुरूच होत नाही, ही विंडोजची मूळ सेटिंग आहे, टास्क शेड्यूलरमध्ये जाऊन कंडिशन्समध्ये बदलता येते. काढून टाकायचं असेल तर एससीएचटास्क्स /डिलीट /टीएन "बॅकअप".

११. हे सापळे लक्षात ठेवा

एखादी वेबसाइट तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा म्हणून विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं सांगत असेल तर तिथूनच ती बंद करा. तुमच्या नकळत कमांड कॉपी झालेली असते आणि तुमच्याच हाताने व्हायरस उतरवून घेतला जातो. खरा कॅप्चा असं कधीच सांगत नाही. हे घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना आवर्जून सांगा.

फॉरमॅट, डिस्कपार्ट, आरएमडीआयआर /एस, आरईजी डिलीट, यातलं काही कुणी पाठवलेल्या कमांडमध्ये दिसलं तर थांबा आणि जाणकाराला विचारा.

चॅटमधून कॉपी केलेली कमांड चालत नसेल तर बहुतेक वेळा सरळ अवतरण चिन्हांची वाकडी झालेली असतात, किंवा जोडून दिलेल्या दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ झालेली असते. ती चिन्हं खोडून हाताने परत टाइप करा.

कमांड मध्येच गोठली आणि टायटलमध्ये सिलेक्ट असं दिसत असेल तर चुकून खिडकीत क्लिक झालंय, एस्केप दाबा, पुढे सुरू होईल.

आणि इज नॉट रेकग्नाइज्ड अशी एरर आली तर क्रमाने बघा: स्पेलिंग, मग कमांड आणि / यांच्यामध्ये स्पेस आहे का, मग / च्या जागी \ पडलंय का, फोल्डरच्या नावात स्पेस असून अवतरण चिन्हं राहिलीत का. एवढं बघूनही होत नसेल तर एररची पूर्ण ओळ माउसने निवडून एंटर दाबा, ती कॉपी होते, आणि कुणाला विचारायचं असेल तर फोटोऐवजी तीच ओळ पाठवा.